बोडिलचा-केक-विकतचा

आमच्या गावात सांडपाण्याच्या सभेला एकदा लोक चाचे बनून आले होते. डोळ्यावर काळी पट्टी, कमरेला पुठ्ठ्याची तलवार, आणि समोर नगरपालिकेचा इंजिनिअर पाइपांचा नकाशा घेऊन उभा. बिचाऱ्यानं कुणाला काही विचारलं नाही. शहरातला माणूस, त्याला वाटलं असेल, इकडं डेन्मार्कच्या टोकाला, दक्षिण युटलंडात, हे असंच असतं.

चूक टॉर्किलची होती. टॉर्किल आमच्या ग्रामसंघाचा अध्यक्ष, आणि तेव्हा आमच्या व्हेस्टरमोस गावाची वेबसाइटही तोच बघायचा. त्याच्या कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक फाइलचं नाव एकच, 'नवीन'. तिच्यानंतरची 'नवीन-२', मग 'नवीन-शेवटची', मग 'नवीन-शेवटची-खरोखर'. वेबसाइटवर त्यानं लिहिलं होतं, 'शनिवारी सभागृहात जमावे, तपशील सोबतच्या पत्रकात.' आणि सोबत जोडलं होतं ते आदल्या वर्षीच्या फास्टेलाउनचं पत्रक. त्या सणाला आम्ही सोंगं घेऊन लाकडी पिंप फोडतो. पत्रकात स्पष्ट म्हटलं होतं, सर्वांनी चाच्यांच्या वेशात यावे. आमचे लोक आज्ञाधारक. आले.

त्यानंतर वेबसाइट माझ्या गळ्यात पडली. मी दाग्नी. चर्चजवळचं खाटकाचं दुकान माझं होतं, आता बंद केलंय. दुकानात मी खिम्याच्या ट्रेवर चिठ्ठी लावायचे, 'कालचा, म्हणून अर्ध्या भावात'. दुसरे लोक 'ताजा' लिहून जुनं खपवतात. मला ते कधी जमलं नाही, आणि जमवायची इच्छाही नव्हती.

नगरपालिकेनं मला एका वर्गाला पाठवलं. शिकवणारी मुलगी गोड होती. ती म्हणाली, "फाइलचं नाव असं ठेवा की फाइल न उघडता आत काय आहे ते कळलं पाहिजे. कोण आहे, काय चाललंय, कुठं चाललंय. शब्दांच्या मध्ये आडव्या रेघा द्या." एवढंच. मला वाटलं, ही तर खिम्याची चिठ्ठी! हे मला येतं.

घरी येऊन मी कामाला लागले. टॉर्किलनं चढवलेल्या फोटोंना कॅमेऱ्यानं दिलेले आकडे तसेच होते. मी एकेक उघडला, बघितला आणि जे दिसलं ते लिहिलं. 'टॉर्किल-भाषण-करतोय-मागची-रांग-झोपलीय'. 'प्रेबेन-नवी-टोपी-जुनीच-बरी-होती'. 'सभागृहाचं-छप्पर-गळतंय-बादली-ठेवलीय'. मध्यउन्हाळ्याच्या होळीचा एक सुंदर फोटो होता, मागं समुद्र काळानिळा झालेला आणि सभागृहापुढं खांबावर आपला लाल-पांढरा झेंडा. त्याला नाव दिलं, 'झेंडा-अजून-वर-सूर्य-कधीच-बुडाला'. आता आमच्याकडं सूर्य बुडाल्यावर झेंडा वर राहणं म्हणजे केवढी नामुष्की ते मी सांगायला नको. आणि झेंड्याची जबाबदारी टॉर्किलची. ह्याच टॉर्किलनं एकदा शेजाऱ्याला उशिरा झेंडा उतरवल्याबद्दल पत्र लिहिलं होतं.

आणि मग तो केक. आमच्या कॉफीच्या टेबलाला सात मऊ केक आणि सात कुरकुरीत लागतात, आणि सगळे घरचे. चोरी एकवेळ माफ होईल, विकतचा केक नाही. बोडिलचा थराचा केक ह्या टेबलाचा राजा. पण गेल्या शरदातल्या गावजेवणाला मी बोडिलच्या गाडीच्या मागच्या सीटवर सुपरमार्केटचा खोका बघितला होता. तर फोटोचं नाव झालं, 'बोडिलचा-केक-विकतचा-ताट-तिचं-स्वतःचं'.

नावं कोण वाचतंय, असं मला वाटलं होतं. लोक फोटो बघतात. नाव म्हणजे मला पुन्हा सापडावं म्हणून.

एके दिवशी दुपारी फोन वाजला. आस्गेर होता. आस्गेर आमचा जुना पोस्टमन. गावातलं प्रत्येक दार, प्रत्येक कुत्रं त्याला ठाऊक. काही वर्षांपूर्वी त्याचे डोळे गेले, आणि हळूहळू त्यानं सभागृहात यायचंही सोडलं. बंधाऱ्याजवळच्या घरात एकटा असतो.

त्यानं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "दाग्नी, बोडिलनं केक विकत आणला?"

मी खुर्चीवर बसले. "तुला कुणी सांगितलं?"

"कोपनहेगनवालीनं."

"कोण कोपनहेगनवाली?"

"माझ्या कॉम्प्युटरमधली बाई. पडद्यावर जे असेल ते मला वाचून दाखवते. राजधानीचा उच्चार आहे, नाक वर करून बोलते, पण वाचते सगळं. फोटो आला की तिला तो दिसत नाही, मग ती त्याचं नाव वाचते. इतके दिवस ती मला आपल्या गावाबद्दल काय सांगायची माहितीय? चार चार सात एक. चार चार सात दोन. जत्रा असो की लग्न असो, मला आकडे. आणि आज ती म्हणाली, मागची रांग झोपलीय." तो हसायला लागला. इतका हसला की त्याला खोकला आला. "प्रेबेननं खरंच नवी टोपी घेतली?"

"घेतली. कोबीसारखी दिसते."

"मग तेही लिही ना!"

"अरे, पण सभागृहात ये की. लोक आहेत, सांगतील."

"लोक?" तो म्हणाला. "लोक मला सांगतात, सगळं छान आहे. 'आस्गेर, टेबल किती छान मांडलंय! आस्गेर, तू किती छान दिसतोस!' छान म्हणजे काय दिसतं, दाग्नी? मी दोनदा गेलो, दोनदा छान ऐकलं, आणि घरी येऊन बसलो."

त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी फोटो काढायला लागले, हे मान्य करते. वेबसाइटला त्यांची काही गरज नव्हती. 'बेकरीच्या-कोपऱ्यावरचं-कुत्रं-लठ्ठ-झालंय'. 'बंधाऱ्यावर-मेंढ्या-एक-वाट-चुकलेली'. 'आस्गेरचा-जुना-बाक-हिरवा-रंग-उडालाय-कुणीतरी-टॉम-कोरलंय'. संध्याकाळी तो फोन करायचा आणि जादा माहिती विचारायचा. टॉम म्हणजे कुठला टॉम? मला ह्या फोनची सवय लागली. फार लागली.

मग बोडिलला कॅलेंडर करायचं सुचलं. आपल्या केकचा फोटो तिनं उतरवून घेतला, आणि नाव तिच्या पडद्यावर आलं. तासाभरात ती माझ्या दारात होती. कोटाची बटणं वरखाली लागलेली.

"हे काय आहे, दाग्नी?"

"तुझा केक."

"नाव वाच त्याचं!"

"मीच दिलंय, वाचायचं काय त्यात?"

"तुला कुणी सांगितलं विकतचा म्हणून?"

"तुझ्या गाडीतल्या खोक्यानं."

"मग नुसतं 'केक' लिहायला काय झालं होतं?"

"बोडिल, टेबलावर चौदा केक होते. नुसतं केक लिहिलं तर कुठला ते कसं कळणार?"

"तुला माणसं कळत नाहीत, दाग्नी. तुला फक्त मांस कळतं." ती गेली. कॉफी न घेता गेली. आमच्याकडं त्याच्यापुढं फक्त युद्धच असतं.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. सगळ्यांची पद्धत एकच होती. आधी शेजाऱ्याच्या फोटोचं नाव काढून पोट धरून हसायचं, मग स्वतःचं काढून लाल व्हायचं. किराणा दुकानात कुणी माझ्याशी बोलेना. पण वेबसाइटला इतकी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती.

टॉर्किलनं आपला झेंडा वाचला आणि तो माझ्याकडं आलाच नाही. त्यानं जाहीर केलं की वार्षिक सभेत प्रस्ताव आणणार. सगळ्या फोटोंची नावं 'कार्यक्रम-१', 'कार्यक्रम-२' अशी करायची, आणि वेबसाइट दाग्नीकडून काढून घ्यायची.

त्या संध्याकाळी आस्गेरचा फोन आला. "म्हणजे पुन्हा आकडे?"

"तो म्हणतोय तसं."

"मग ते यंत्र मी बंदच करून टाकतो. आकडे ऐकायला वीज कशाला जाळू?" तो हसला नाही. मला टॉर्किलचा संताप आला आणि भीतीही वाटली. बाकी गाव माझ्याशी आयुष्यभर बोललं नाही तरी चाललं असतं. हा फोन बंद झालेला मला चालणार नव्हता.

आमच्या नियमाप्रमाणे प्रस्ताव सभेच्या पंधरा दिवस आधी वेबसाइटवर लागला पाहिजे. शेवटच्या दिवशी टॉर्किलचा मेल आला. 'सोबत माझा प्रस्ताव. एक अक्षरही न बदलता, जसाच्या तसा चढवावा.' जोडलेल्या फाइलचं नाव, अर्थातच, 'नवीन-शेवटची'.

मी उघडली. आत त्याच्या आईच्या लिव्हरपोस्टायची कृती होती.

ही साधी गोष्ट नव्हे. डुकराच्या लिव्हरचा हा पावावर लावायचा भाजलेला लगदा प्रत्येक घरात होतो, पण टॉर्किलच्या आईसारखा कुणाला जमला नाही, आणि तिनं ती कृती मरेपर्यंत कुणाला दिली नाही. टॉर्किलनंही नाही. गुपित होतं ते खारवलेल्या माशांत आणि चमचाभर बोरांच्या जेलीत, असं आता कळलं.

मी फोन उचलला. पुन्हा ठेवला. 'जसाच्या तसा' असं त्यानं लिहिलं होतं, आणि अध्यक्षाचा शब्द मोडणारी मी कोण? मी चढवली आणि नाव अगदी स्पष्ट दिलं, 'टॉर्किलचा-प्रस्ताव-आईच्या-लिव्हरपोस्टायची-कृती'. पंधरा दिवस ती तिथं होती. सगळ्या गावानं वाचली, अर्ध्या गावानं करून बघितली, आणि टॉर्किलला कुणी चकार शब्द सांगितला नाही. त्याला स्वतःला काही नावं वाचायची सवय नव्हती.

आस्गेरनं फोन केला. "दाग्नी, मी सभेला येतोय."

"तू? सभागृहात?"

"टॉर्किलचं तोंड मला दिसणार नाही, पण त्याची शांतता मला ऐकायचीय."

मार्चमधली शनिवारची दुपार होती. सभागृह गच्च भरलं होतं. सभा चालवायला प्रेबेन, कारण त्याला नियमावली तोंडपाठ. आस्गेर काठी टेकत आला तेव्हा सगळे उठून त्याला म्हणाले, किती छान दिसतोस! तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "ऐकलंस?"

अहवाल झाला, निवडणूक झाली. मग प्रेबेननं चष्मा लावला. "आता आलेले प्रस्ताव. एकच आहे, अध्यक्षांचा. वाचतो. 'अर्धा किलो लिव्हर दोनदा खिम्याच्या यंत्रातून काढावं.'"

टॉर्किल हसला, मग थांबला. "हे काय?"

"तुझा प्रस्ताव."

"हा माझा प्रस्ताव नाही!"

"वेबसाइटवर हाच आहे. पंधरा दिवस होता. म्हणजे हाच प्रस्ताव. नियम सात."

"अरे, मी चुकीची फाइल पाठवली!"

"नियम सातमध्ये फाइलबद्दल काही नाही," प्रेबेन म्हणाला आणि पुढं वाचू लागला. आस्गेरनं कान टवकारले होते. जेली आली तेव्हा टॉर्किलनं डोक्याला हात लावला.

"कुणाची दुरुस्ती?" प्रेबेननं विचारलं.

बोडिलनं हात वर केला. "कांदा आधी परतून घ्यावा."

"नोंदवलं. मतदान."

प्रस्ताव दुरुस्तीसह मंजूर झाला. विरोधात एकच मत पडलं, ते टॉर्किलचं. त्याच्या आईच्या कृतीत परतलेला कांदा त्याला जिवंतपणी चालणार नव्हता.

शेवटचा विषय 'इतर'. आमच्या प्रत्येक सभेत हा असतो. त्यात कुणीही काहीही बोलावं, फक्त काही ठरवता येत नाही. टॉर्किल उठला आणि मनातलं सगळं ओकला. माझी नावं, माझा आगाऊपणा, गावाची बेअब्रू. लोक टाळ्या वाजवत होते. "आज ठरवता येत नसेल," तो म्हणाला, "तर सोमवारी कार्यकारिणीत ठरवू. नावं जाणार!"

आस्गेर उभा राहिला. सभागृह गप्प झालं, आंधळ्या माणसापुढं होतं तसं, जरा जास्तच.

"बोडिल कुठं बसलीय?" त्यानं विचारलं.

"इथं आहे, खिडकीजवळ."

"केक विकतचा होता का गं?"

मला वाटलं, ती उठून जाणार. तिनं मांडीवरचे हात उचलून टेबलावर ठेवले. "होता," ती म्हणाली. "ही बोटं मिटत नाहीत आता. साय फेटायला घेतली तर भांडं हातातून सुटलं, भिंतीपर्यंत साय. म्हणून आणला विकतचा. झालं समाधान सगळ्यांचं?"

कुणालाच माहीत नव्हतं. मी तिची बोटं बघितली. सांधे आल्याच्या गड्ड्यासारखे फुगलेले होते. मला लाज वाटली. खोका मी बघितला होता, आणि हात बघितलेच नव्हते. कोटाची बटणं वरखाली लागलेली होती तेव्हासुद्धा नाही.

"तू कधी बोलली नाहीस," आस्गेर म्हणाला.

"लोक विचारतात, कसं चाललंय. मी सांगते, छान."

"छान," आस्गेर म्हणाला. "मलाही सगळे तेच देतात."

मी उठले. "बोडिल, मी ते नाव आजच बदलते."

"काही बदलू नकोस," ती म्हणाली. "पुरं कर. आणि केक चांगला होता, तेही लिही."

मग मागच्या रांगेतून आवाज आला, "मग माझंही पुरं कर. मी झोपलो होतो खरा, पण आदल्या रात्री गाय व्यायली होती!" दुसरा म्हणाला, "मी नव्हतो झोपलो. टॉर्किलचं भाषण मी डोळे मिटूनच ऐकतो." प्रेबेन खुर्चीवरूनच म्हणाला की टोपी बायकोनं दिलीय, त्याची नोंद व्हावी.

"हा 'इतर' विषय आहे!" टॉर्किल ओरडला. "इथं काही ठरवता येत नाही!"

"कुणी ठरवत नाहीये, टॉर्किल," प्रेबेन म्हणाला. "लोक नुसते बोलतायत."

तेवढ्यात आस्गेरनं मान वळवली. "गप्प बसा जरा. बाहेर दोरी वाजतेय खांबावर. झेंडा वरच आहे का? सूर्य कुठं आहे?"

सगळ्यांनी खिडकीकडं बघितलं. शेतांवर निळसर अंधार उतरला होता, आणि सूर्याचा पत्ता नव्हता.

टॉर्किल पळाला. त्याचं वय आणि पोट बघता ते पळणं सुंदर होतं. कोट नाही, टोपी नाही, चिखलातून सरळ. आख्खी वार्षिक सभा त्याच्यामागं. मी कॅमेरा घेऊन. झेंडा खाली आला, जमिनीला न लागता त्यानं तो छातीशी धरला, आणि धापा टाकत माझ्याकडं वळला.

"काढलास फोटो?"

"काढला."

त्यानं झेंड्याची घडी घातली. "लिही मग. काय लिहायचं ते लिही. पण धावलो, हेही लिही."

सोमवारच्या बैठकीत नावांचा विषय निघालाच नाही.

आत कॉफी झाली. लिव्हरपोस्टायच्या सहा बशा आल्या होत्या, कुणी-कुणी करून आणलेल्या, आणि टॉर्किलनं सगळ्या चाखून सगळ्या नापास केल्या. बोडिलनं विकतचा केक खोक्यासकट टेबलावर ठेवला. पहिला तुकडा मी घेतला.

आस्गेर माझ्याकडं झुकला. "दाग्नी, मी कसा दिसतोय? छान म्हणालीस तर उठून जाईन."

मी त्याला नीट बघितलं. "स्वेटर उलटा घातलायस. शिवण बाहेर. डाव्या गालावर दाढी राहिलीय. हनुवटीला साय लागलीय."

त्यानं बोटांनी शिवण चाचपली. "दुपारपासून असाच?"

"आलास तेव्हापासून."

"आणि इतक्या लोकांनी मला सांगितलं, छान दिसतोस!" तो इतक्या मोठ्यानं हसला की टॉर्किलनंही वळून बघितलं. स्वेटर त्यानं सुलटा केला नाही. शेवटची खुर्ची उचलेपर्यंत तो बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मी फोटो चढवले. 'टॉर्किल-झेंड्यासाठी-धावतोय-चिखलातून-छान-धावला' हे नाव लगेच सुचलं. आस्गेरच्या फोटोपाशी मात्र अडले. आजवर दुसऱ्यांची नावं मी खिम्याच्या चिठ्ठीसारखी झटक्यात लिहिली, आणि ह्या एका फोटोसमोर कॉफी गार झाली. शेवटी लिहिलं आणि विचार बदलायच्या आत चढवून टाकलं.

थोड्या वेळानं फोन वाजला.

"दाग्नी," आस्गेर म्हणाला. मागं त्याचं यंत्र चालू होतं. कोपनहेगनवाली तिच्या त्या वर केलेल्या नाकातून वाचत होती, आस्गेर-परत-आला-स्वेटर-उलटा-मला-फार-बरं-वाटलं. तिनं वाचून संपवलं. त्यानं यंत्र बंद केलं.

"तिसऱ्यांदा लावलंय मी हे," तो म्हणाला. "पण ही बाई फार सपाट वाचते. तू वाच."

मी वाचून दाखवलं.